सादा, बिसलेरी?

खुर्च्या ओढून अजून कुणी नीट टेकलेलंही नसतं, तोच वेटर येऊन उभा राहतो आणि संध्याकाळचा सर्वांत अवघड प्रश्न सर्वांत आधी विचारून मोकळा होतो.

"सादा, बिसलेरी?"

ठाण्यातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटात, एका रविवारी रात्री, नऊ जणांच्या एका मराठी गोतावळ्यापुढे हा प्रश्न येऊन पडला. निमित्त होतं आजोबांच्या पंच्याहत्तरीचं. सात माना काकांकडे वळल्या. आठवी मान प्रस्तुत लेखकाची. ती मेनूकार्डात खुपसलेली होती, कारण दुसऱ्याच्या खर्चाने जेवायला आलेल्या माणसाने अशा वेळी वाचनाची आवड दाखवायची असते. काका पेचात पडले. 'सादा' म्हणावं तर शेजारी जावई. 'बिसलेरी' म्हणावं तर समोर आजी, आणि आजींच्या मते पाणी विकत घेणारा माणूस उद्या ऊनही विकत घेईल.

"सादा लाव," काका म्हणाले. "लेकिन फिल्टर का है ना?"

"फिल्टर का ही है, साब."

"तो फिर बिसलेरी कायको पूछता है?"

या प्रश्नाला आजवर कुठल्याही वेटरने उत्तर दिलेलं नाही. शेवटी न्यू जर्सीहून आलेल्या पुतण्याच्या नाजूक झालेल्या पोटासाठी एक बाटली आणि बाकीच्यांसाठी आठ ग्लास असा तह झाला. ग्लास आले. एका पंजात चार ग्लास आणि प्रत्येक ग्लासात एकेक बोट, ही जुनी कला स्टीलच्या ग्लासांबरोबर लोपली असेल असं वाटत होतं, पण ती काचेच्या ग्लासांतही सुखरूप पोचली आहे. आणि बाटली येताच, 'साधं चालतं मला' म्हणालेल्या आठही जणांना तिच्यातलं घोटभर हवंसं वाटलं.

या प्रकरणात ठाणेकरांचाही थोडा हात आहे. बिसलेरी हे नाव इटालियन, फेलिचे बिस्लेरी नावाच्या गृहस्थांचं. पण आपल्याकडे १९६५ च्या सुमारास ही बाटली भरायला सुरुवात झाली ती ठाण्यातच. पाणी काय विकत घ्यायचं, असं म्हणण्याचा तो काळ होता. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो सगळा धंदा चार लाख रुपयांत घेतला. आज बाटली कुठल्याही कंपनीची असो, वेटरच्या तोंडी ती बिसलेरीच. तिच्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे हॉटेलाने घ्यावेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१७ मध्ये निकाल हॉटेलांच्या बाजूने लागला. माणूस हॉटेलात नुसती बाटली घ्यायला जात नाही, तिथल्या बसण्या-उठण्याचा आणि वातावरणाचाही लाभ घेतो, असा त्यातला मुद्दा. काकांना हा निकाल माहीत आहे. "म्हणजे पंख्याचं भाडं पाण्यातून," असा त्यांनी त्याचा सारांश काढलेला आहे.

पुण्यात २०१८ मध्ये पाणीटंचाईपायी बऱ्याच हॉटेलांनी गिऱ्हाइकापुढे अर्धाच ग्लास पाणी ठेवायला सुरुवात केली होती. बाहेरगावच्या लोकांना हा टंचाईवरचा उपाय आहे हे कळायला वेळ लागला. त्यांना वाटलं, इथली पद्धतच असेल.

तर पाण्याचं मिटलं. मग काकूंनी वेटरला हाक मारली.

"भैया, वो कांदा-लिंबू जरा जास्तीका लाव ना."

"आणतो की," वेटर म्हणाला.

टेबलावर शांतता पसरली. गेली दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी हिंदीचा जो अनन्वित छळ चालला होता, तो बिनकामाचा होता तर! "अय्या, मराठी आहेस होय रे तू? कुठला?" "गडहिंग्लजचा." मग गडहिंग्लजला काकूंच्या मावसबहिणीचे दीर बँकेत होते, ते त्याला ठाऊक आहेत का, याची चौकशी झाली. त्याला ते ठाऊक नव्हते. काकूंना वाईट वाटलं, त्यालाही थोडं वाटलं. आणि एवढं सगळं शुद्ध मराठीत पार पडल्यावर काकू म्हणाल्या, "तो फिर जरा जल्दी करो हं."

मराठी माणूस मेनूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. आधी आकडा, मग पदार्थ. आकडा पचला तरच पदार्थाच्या नावाकडे नजर जाते. काकांनी पनीर टिक्क्यावर बोट ठेवलं.

"किती पीस येतात?"

"आठ."

काकांनी टेबलावरून नजर फिरवली. नऊ. नातू पाच वर्षांचा असला तरी पनीरच्या बाबतीत तो अर्धा धरता येत नाही. एका प्लेटीत एक जण उपाशी, दोन प्लेटींत सात पीस जादा. एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलात एका माणसापुढे किती वाढायचं हे ठरवायला हवं, अशी कल्पना मांडली होती. इडल्या किती, कोळंब्या किती, असा त्यांचा हिशेब होता. त्यावर देशभर टीका झाली. काकांनी मात्र तेव्हाही मान डोलावली होती. त्यांची तक्रार एवढीच होती, की मंत्र्यांनी पनीरचा उल्लेख केला नाही.

सूपाची पाळी आली तेव्हा गणित आणखी वरच्या इयत्तेत गेलं. "चार टोमॅटो, वन बाय टू." वन बाय टू ही आपल्या हॉटेलांनी भागाकाराला दिलेली देणगी आहे. एक सूप दोन वाट्यांत मागवलं, की प्रत्येक वाटी निम्म्याहून बरीच वर भरलेली येते, म्हणजे दोन अर्धे मिळून एकाहून जास्त होतात. हे कळलेलं गिऱ्हाईक पुढे कधीही अख्खं सूप मागवत नाही.

"चार वन बाय टू म्हणजे आठ झाले. आपण नऊ जण ना?" वेटरने विचारलं.

"आजोबा सूप घेत नाहीत."

"कोण म्हणालं?" आजोबांनी विचारलं. पंच्याहत्तरी त्यांचीच होती.

"मग एक वन बाय थ्री होईल का?" काकांनी चाचरत विचारलं. वेटरने काकांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. आलेल्या नऊ वाट्यांपैकी कुठल्या तीन एकाच सूपाच्या होत्या हे शेवटपर्यंत कुणाला ओळखता आलं नाही. ही खरी सर्व्हिस!

मुख्य जेवण आलं आणि खरी पंचाईत सुरू झाली ती आजींची. आजी पंगतीत वाढलेल्या. पंगतीतलं ताट म्हणजे नकाशा असतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधोमध भाताची मूद. इथे वेटरने पनीरची भाजी डाव्या बाजूला वाढली, वर त्याच चमच्याने दाल. आजींनी काही न बोलता ताटली अर्धी फिरवून घेतली. पण तेही चाललं असतं. अडलं ते पुढे.

"रोटी देऊ आजी?"

"नको," आजी म्हणाल्या.

वेटर निघून गेला.

आजी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. "एकदाच विचारलंन्," त्या हळूच म्हणाल्या.

पंगतीतला 'नको' हा नकार नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते. पाहुण्याने ताटावर पंजा आडवा धरायचा, वाढणाऱ्याने 'एवढीच, एवढीच' म्हणत वाकायचं, पाहुण्याने बोटांमधे जिलबी जाईल एवढी फट ठेवायची. तिसऱ्या 'नको'ला वाढलं नाही तर यजमानाची नाचक्की आणि पहिल्या 'नको'ला वाढलं तर पाहुण्याची. हे सगळं न शिकवता येतं, निदान येत असे. न्यू जर्सीच्या पुतण्याने भाबडेपणाने विचारलं, "आजीला हवी होती, तर ती नको का म्हणाली?" परक्या मुलखातून आलेल्या माणसाकडे बघतात तसं साऱ्या टेबलाने त्याच्याकडे पाहिलं. तसा तो आलेलाही होता.

अशा भुकेल्या जिवांसाठीच अमर्यादित थाळी निघाली असावी. तिथे पैसे आधीच ठरलेले असतात, त्यामुळे आग्रह परवडतो. वाढप्यांची मिरवणूकच निघते. एक फरसाण, एक कढी, एक तुपाचं भांडं घेऊन, आणि 'नको' ऐकून घेण्याइतका वेळ त्यांतल्या कुणालाच नसतो. माटुंग्याच्या १९४२ पासूनच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवून उठलेला माणूस बघावा. त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरातून परतल्याचं समाधान असतं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा वाढणारा हात थबकला, तर गिऱ्हाईक बिलापेक्षा त्या थबकण्यावर जास्त रागावतं. मिसळीचं शास्त्र आणखी खोल. कोल्हापुरात 'कट' म्हणा, पुण्यात 'सॅम्पल', नागपुरात 'तर्री'. अनेक ठिकाणी तो पुन्हा मागितला तरी पैसे नसतात, पावाचे मात्र असतात. त्यामुळे पाव संपला की रस्सा उरतो, रस्सा संपवायला घेतलेला पाव रस्सा संपल्यावर उरतो, आणि माणूस घाम पुसत संध्याकाळपर्यंत या दोघांची गाठ घालत बसतो.

आग्रहाची भूक नुसत्या वाढण्यानेच भागते असंही नाही. मुंबईच्या बेलार्ड इस्टेटमधल्या १९२३ च्या ब्रिटानिया हॉटेलात मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन लोकांशी बोलत, काय खावं ते सांगत. २०१९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. तिथे जाऊन आलेली माणसं बेरी पुलावाबद्दल एक वाक्य बोलतात आणि म्हाताऱ्याने आपल्याशी काय गप्पा मारल्या याबद्दल दहा.

वेटरला हाक कशी मारावी, यावर या कुटुंबात एकमत नाही. काका 'शुक् शुक्' करतात. त्यामुळे दोनदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं. जावई 'बॉस' म्हणतात. काकांची मुलगी 'एक्सक्यूज मी' म्हणते, ते तिलाच ऐकू येतं. आजोबा टाळी वाजवतात. पुतण्याने एक बोट किंचित उचलून नजरानजर साधायचा प्रयत्न केला. त्याला वेटर मंडळींची साधना ठाऊक नव्हती. हाक मारणाऱ्या एका माणसाला सोडून उरलेलं सगळं हॉटेल एकाच वेळी पाहणं, हे त्यांना जमतं. शेवटी काकू नुसत्या "अहो" म्हणाल्या आणि वेटर, मॅनेजर, काका असे तिघे एकदम वळले.

"तिकडे दर पाच मिनिटांनी येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना म्हणून," पुतण्याने माहिती पुरवली.

"बघा!" आजी म्हणाल्या. त्यांना तो देश एकदम आवडला.

पण तिथल्या त्या विचारपुशीचं बिल वेगळं येतं. बक्षिसीवर राबणाऱ्या वेटरला मालकाने द्यायची किमान मजुरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढीच आहे. राज्याराज्यांत ती जास्त असू शकते, पण पगाराचा मोठा भाग भरतं ते गिऱ्हाईक, अठरा-वीस टक्के टिप ठेवून. "म्हणजे जेवायचं आपण आणि पगारही आपणच द्यायचा?" काकांनी विचारलं. युरोपच्या सहलीपासून काकांचा परदेशावर रागच आहे. इटलीत बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी आकार लावलेला त्यांनी पाहिला. तो पाव आणि टेबलाच्या मांडणीचा असतो. काकांच्या लेखी ते खुर्चीचं भाडं होतं, आणि ते वसूल करायला काकूंनी पावाची टोपली पर्समधे रिकामी केली होती. पॅरिसात त्यांनी चार दिवस बाटलीतलं पाणी विकत घेतलं. जेवणाबरोबर नळाचं पाणी तिथे मागितलं की सुरईभर फुकट मिळतं, हे त्यांना विमानतळावर परतताना कळलं. त्या जखमेवर अजून खपली धरलेली नाही. जपानला ते गेलेले नाहीत, पण जायला हवेत. तिथे टिप ठेवायची पद्धत नाही, टेबलावर राहिलेले पैसे विसरलात म्हणून वेटर मागे धावत येऊ शकतो. शिवाय तिथे नूडल्सचा रस्सा आवाज करत ओढलेला चालतो. आजोबांनी चहा बशीत ओतून फुर्र केलं की नात डोळे वटारते. टोकियोत तिला आजोबांचा अभिमान वाटला असता.

काटाचमच्याचा प्रकार तर उलट्या दिशेने चालला आहे. अमेरिकेतला पुतण्या हाताने, कोपरापर्यंत ओघळ येईल इतक्या आनंदाने जेवत होता. ठाण्यातल्या ठाण्यात राहणारे जावई मात्र रोटी काट्याने दाबून सुरीने कापत होते. रोटीचा दुसरा तुकडा निसटून थेट प्रस्तुत लेखकाच्या ताटलीत आला आणि लेखकाने तो शिष्टाचार म्हणून खाऊन टाकला. जावईबापूंना हे सांगायचं राहिलं, की टॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशाने इटलीतला काटा पाहून त्याचं वर्णन १६११ च्या आपल्या पुस्तकात केलं आणि स्वतःही तो वापरू लागला, तेव्हा त्याच्या देशबांधवांनी त्याची टिंगल केली होती. हात असताना हे कशाला, असा त्यांचाही सूर होता. आजींचं इंग्रजांशी इतकं पटेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

फिंगर बोल आले. पाहुण्याने ते पाणी पिऊन टाकलं आणि त्याला लाज वाटू नये म्हणून राणीनेही प्यायलं, ही गोष्ट जगातल्या बहुतेक राजघराण्यांच्या नावावर खपवलेली आहे. इथे कुणी प्यायलं नाही. नातवाने त्यात लिंबाची होडी सोडली आणि टूथपिकने वल्हवली. आजोबांनी सवयीने ताटलीतच हात धुतले, नेमके 'ताटात हात धुऊ नयेत' असं लिहिलेल्या पाटीखाली बसून.

पाट्यांची परंपरा आपल्याकडे थोर आहे. धोबी तलावच्या एका इराणी हॉटेलातल्या नियमांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. पुण्याच्या पाट्यांवर तर पुस्तकं निघाली. इथल्या पाटीवर दुसरी ओळ होती, 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत'. ती आजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि मग पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची डबी काढून प्रत्येकाच्या ताटलीत डावीकडे फोड वाढली. "हे पदार्थ थोडेच आहेत, लोणचं आहे," त्या म्हणाल्या.

आणि मग बिल आलं, बडीशेपेच्या वाटीखाली दडून.

त्याबरोबर टेबलावर जे झालं त्याला लांबून पाहणारा माणूस मारामारीच म्हणाला असता. जावयांनी पाकीट काढलं. काकांनी जावयांचं मनगट धरलं. आजोबांनी "माझा वाढदिवस आहे" असा हक्क सांगितला. पुतण्याने कार्ड वेटरच्या खिशात कोंबायचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखकानेही खिशात हात घातला. तो हात प्रामाणिकपणे आत गेला, पण बाहेर यायची वाट त्याला शेवटपर्यंत सापडली नाही. "आपण सगळे वाटून घेऊ या ना," पुतण्या म्हणाला आणि पुन्हा एकदा ती परक्या मुलखाची शांतता पसरली. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हे कॉलेजच्या कट्ट्यावर ठीक. पंच्याहत्तरीला नाही. अखेर काका जिंकले. जिंकताच त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

चार हजार एकशे वीस. केंद्राचा अडीच टक्के, राज्याचा अडीच टक्के. ते १५ नोव्हेंबर २०१७ पासून तसंच आहे, काकांची त्याला हरकत नव्हती. पण मधे एक ओळ होती. सर्व्हिस चार्ज, १० टक्के, ४१२ रुपये.

काकांनी मॅनेजरला बोलावलं. सर्व्हिस चार्जच्या सक्तीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेली मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी सुरुवातीपासून सांगितली. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून त्यांनाच प्रत्येकी लाख रुपयांचा भुर्दंड बसवला, हे सांगताना काकांचा आवाज असा लागला होता, जणू ते लाख त्यांच्याच खात्यात जमा झाले होते. मॅनेजरने एकदाच "सर, सर्व्हिस आवडली नाही का?" असं विचारलं.

"सर्व्हिस उत्तम होती," काका म्हणाले. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

नवं बिल आलं. त्या चारशे बारावरचा कर धरून चारशे बत्तीस रुपये साठ पैसे वाचले होते. काकांनी ते दोनदा मोजून पाहिले, आणि मग पाकिटातून पाचशेची नोट काढून बडीशेपेच्या वाटीखाली सरकवली.

"अहो, हे काय?" काकू म्हणाल्या.

"पोरगं गडहिंग्लजचं आहे," काका पुटपुटले.

पोरगं उष्ट्या ताटल्या उचलायला आलं. आजींनी विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही आजी. साडेअकराला, सगळे गेले की."

"मग हे घे," म्हणत आजींनी लोणच्याची डबी त्याच्यापुढे धरली. "नको आजी," तो म्हणाला. आजींनी पुन्हा धरली. "नको, खरंच नको." तिसऱ्यांदा आजी काही बोलल्या नाहीत, डबी पुढे धरूनच राहिल्या. त्याने मान वळवून आधी पाटीकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे, आणि डबी एप्रनच्या खिशात घातली. आजींचं जेवण आत्ता कुठे पूर्ण झालं.

"उरलेला जिरा राइस पार्सल केलास ना रे?" काकांनी उठता उठता विचारलं.

"केलाय साहेब. डब्याचे दहा रुपये वेगळे."

काका पुन्हा खुर्चीत बसले.